फुकटातलं ७४७: सिम्युलेटरमधलं विमान आतून कसं बनतं?

फोनवर विमानाचा एखादा तरी गेम तुम्ही खेळला असालच. फोन डावीकडे कलवला की विमान डावीकडे वळतं, आपटलं की 'पुन्हा खेळा' असं बटण येतं, विषय संपला. कॉम्प्युटरवरचे फ्लाइट सिम्युलेटर मात्र वेगळ्याच जातकुळीचे. तिथे मोठं प्रवासी विमान नुसतं सुरू करायलाही दहा-पंधरा मिनिटं जातात. आणि गंमत म्हणजे त्यातली काही अप्रतिम विमानं हौशी लोकांनी नोकरी-कॉलेज सांभाळून बनवून फुकट वाटलेली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी 'फ्लायबायवायर' या गटाचं एअरबस ए३२०निओ किंवा एक्स-प्लेनसाठी 'झिबो' नावाने ओळखलं जाणारं बोइंग ७३७ ही त्यातली प्रसिद्ध नावं.

मी दिवसा नोकरीत सॉफ्टवेअर लिहितो आणि गेलं दीड वर्ष रात्री दादरच्या घरी बसून असंच एक विमान बनवतोय: एअर इंडियाचं जुनं बोइंग ७४७-२००, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीचं 'जम्बो'. हे मॉडेल 'फ्लाइटगिअर' या सिम्युलेटरसाठी आहे. फ्लाइटगिअरची कल्पना १९९६ मध्ये मांडली गेली, १९९७ पासून काम सुरू झालं आणि आजही तो पूर्ण ओपन सोर्स आहे. त्यातलं प्रत्येक विमान म्हणजे फाइलींचं एक फोल्डर. बहुतेक फाइली साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतात, वाचता येतात, बदलता येतात. त्यामुळे विमान आतून कसं बनतं हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

हेच विमान का?

एअर इंडियाचं पहिलं ७४७, 'एम्परर अशोका', एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत उतरलं. पुढची विमानंही सम्राटांच्या नावांची होती: शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी झरोक्याची कमान रंगवलेली असायची. २२ एप्रिल २०२४ ला कंपनीचं शेवटचं ७४७ मुंबईतून उडालं आणि जाताना पंख हलवून निरोप देऊन गेलं. ते अमेरिकेत सुटे भाग काढण्यासाठी गेलं. म्हणजे आता हे विमान चालवायचं म्हटलं तर सिम्युलेटर हीच जागा उरली.

दुसरं कारण तांत्रिक आहे. ७४७-२०० च्या कॉकपिटमध्ये तिघं बसायचे: कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर आणि बाजूच्या पॅनलसमोर फ्लाइट इंजिनिअर. मोठे स्क्रीन नाहीत, सगळीकडे काट्यांच्या तबकड्या. हे काटे बरोबर हलवणं हेच अशा मॉडेलमधलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि या लेखात मला मुख्यतः त्याबद्दलच सांगायचंय. पण तिथपर्यंत पोचायला आधीच्या तीन पायऱ्या बघू.

पायरी १: आकार

पहिलं काम ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. विमानाची बाजूने, वरून आणि समोरून अशी तीन रेखाचित्रं घ्यायची, ती मागे लावायची आणि त्यावर आकार ओढत न्यायचा. ७४७-२०० ची लांबी ७०.६ मीटर, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५९.६ मीटर, पंख मागे कललेले ३७.५ अंशांनी. चाकं अठरा: पुढे दोन, मागे चार पायांवर चार-चार.

लालबाग-परळच्या गणपती कारखान्यात प्लॅस्टरची मोठी मूर्ती बनताना पाहिली असेल तर हे लगेच समजेल. ती मूर्ती भरीव नसते. साच्यात प्लॅस्टर आणि काथ्याचा थर बसवतात, आत पोकळ. थ्रीडी मॉडेलही तसंच नुसतं कवच असतं, लहान लहान त्रिकोणांचं. त्रिकोण जितके जास्त तितकी गोलाई छान, पण ग्राफिक्स कार्डवर भारही तितकाच. म्हणून हिशोब करावा लागतो. इंजिनाच्या तोंडाला भरपूर त्रिकोण, कारण तिथे नजर जाते. पोटाखाली कमी. लांबून दिसणाऱ्या विमानासाठी तर वेगळं, अगदी ढोबळ मॉडेल ठेवायचं आणि अंतर वाढलं की सिम्युलेटरला ते दाखवायला सांगायचं.

हलणारा प्रत्येक भाग मात्र सुटा बनवावा लागतो. आणि ७४७ मध्ये हलणारे भाग भरपूर. रडर एक नाही, वरचा आणि खालचा असे दोन. पंख कलवणारे एलेरॉनसुद्धा प्रत्येक पंखावर दोन: आतला आणि टोकाकडचा. टोकाकडचा फक्त कमी वेगात चालतो. फ्लॅप आत घेतले की तो कुलूपबंद होतो, कारण जास्त वेगात त्याने पंखच पिळवटेल. म्हणजे आकार काढतानाच तुम्हाला विमान कसं चालतं हे माहीत असावं लागतं.

पायरी २: रंग

कवच उलगडून सपाट करायचं आणि त्यावर चित्र काढायचं, याला टेक्स्चरिंग म्हणतात. खोका उघडून सपाट पुठ्ठा करतो ना, तसंच. ७४७ चं धड नळकांड्यासारखं असल्याने ते सहज उलगडतं, पण नाकाजवळचा फुगवटा छळतो. तिथे सरळ काढलेली लाल रेघ विमानावर बसवली की वाकडी दिसते, म्हणून मुद्दाम वाकडी काढावी लागते.

झरोके मी जुन्या फोटोंवरून मोजून नव्याने काढले. नेटवरचा फोटो कापून चिकटवणं सोपं होतं, पण तो फोटो कुणीतरी काढलेला असतो आणि त्यावर हक्क त्याचा असतो. फुकट वाटायच्या वस्तूत दुसऱ्याची न विचारता घेतलेली वस्तू घातली तर पुढे सगळ्यांचीच अडचण होते. यावर शेवटी बोलूच.

पायरी ३: उडणं

आता विमान दिसायला तयार आहे, पण ते अजून मूर्तीच आहे. त्याला उडवतं ते फ्लाइट मॉडेल, म्हणजे आकड्यांच्या फाइली. फ्लाइटगिअरमध्ये याचे दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला रस्ता 'यासिम'. त्याला तुम्ही विमानाची मापं सांगायची: पंख कुठे, किती लांब, किती कललेले, वजन किती, इंजिनाचा जोर किती. सोबत दोन निकाल सांगायचे: इतक्या उंचीवर विमान इतक्या वेगाने जातं आणि उतरताना इतक्या वेगाला नाक इतकं वर असतं. मग यासिम उलटं गणित करतं. पंखांची उचल आणि हवेचा विरोध किती असला तर हे दोन्ही निकाल जुळतील, ते शोधतं. उत्तरपत्रिकेवरून प्रश्न शोधण्यासारखं. तुमचे आकडेच एकमेकांशी भांडत असतील तर ते सरळ सांगतं की उत्तर निघत नाही.

दुसरा रस्ता 'जेएसबीसिम'. इथे उलट, तुम्हाला तक्ते द्यावे लागतात. पंख हवेला या कोनात असताना उचल किती, फ्लॅप या खुणेवर असताना किती, वेग ध्वनीच्या जवळ गेल्यावर किती. असे तक्ते कंपन्या सहसा बाहेर देत नाहीत. पण ७४७ च्या बाबतीत नशीब चांगलं. १९७० च्या सुमारास बोइंगने नासासाठी मोठ्या जेट विमानाच्या सिम्युलेशनचे सविस्तर अहवाल तयार केले, ते विमान ७४७ च होतं, आणि हे अहवाल नासाने सगळ्यांसाठी खुले केले. पन्नास वर्षांपूर्वीचे टाइप केलेले आकडे आणि हाताने काढलेले आलेख आज दादरच्या एका खोलीत बसून वाचता येतात. आलेखावर पट्टी ठेवून बिंदू वाचायचे आणि तक्त्यात भरायचे, असं माझं कित्येक रात्रींचं काम होतं.

तपासणी कशी करायची? सांताक्रूझची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे. पूर्ण भरलेलं विमान त्यात उडायला हवं. उतरताना वेग दीडशे नॉटच्या आसपास यायला हवा. शंभरला उतरलं तर समजायचं की कुठेतरी पंखांना नको तितकी ताकद दिली गेलीय.

आणि कॅमेरा! ७४७ च्या पायलटचे डोळे जमिनीपासून साधारण साडेआठ मीटर वर असतात आणि पुढचं चाक त्याच्या पाठीमागे असतं. म्हणून धावपट्टीकडे जाताना वळायची जागा नाकासमोरून निघून गेल्यावर मग वळायचं. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसून स्टेअरिंग हातात घेतल्यासारखं. ही जागा अर्धा मीटर जरी चुकली, तरी उतरताना जमीन कधी लागेल याचा अंदाज येत नाही.

पायरी ४: काटे

आता मुख्य भाग.

फ्लाइटगिअरच्या पोटात एक मोठी यादी चालू असते. तिला 'प्रॉपर्टी ट्री' म्हणतात. फोनमधल्या फोल्डरसारखी रचना: एका फांदीवर विमानाची जागा, दुसरीवर वेग, तिसरीवर विमान किती अंश कललंय. सेकंदाला अनेक वेळा हे आकडे बदलतात. मॉडेलमधला भाग हलवायचा म्हणजे या झाडातल्या एका आकड्याला तो भाग बांधायचा. डाव्या एलेरॉनचा आकडा उणे एक ते अधिक एक या दरम्यान फिरतो. त्याला ठरावीक अंशांनी गुणा आणि तो पत्रा तितका फिरवा. एवढंच सांगावं लागतं, तेही चार-पाच ओळींत.

काट्यांचंही असंच करता येतं. विमान किती कललंय हा आकडा झाडात आहेच, त्याला कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज बांधा. फर्स्ट ऑफिसरचंही त्यालाच बांधा. मधलं राखीव तिसरंही त्यालाच. तिन्ही तबकड्या सुंदर हलतात, यूट्यूबवर व्हिडिओ टाकला तर कुणाला फरक कळणार नाही. अनेक फुकट मॉडेल असंच करतात, आणि काही विकतचीसुद्धा.

यात अडचण काय? झाडातला तो आकडा हे *सत्य* आहे. विमान बारा अंश कललं असेल तर तिथे बाराच येणार. सिम्युलेटरला सगळं खरं माहीत असतं, कारण ते जग त्यानेच बनवलंय. खऱ्या विमानाला असं काहीच माहीत नसतं. त्याच्याकडे फक्त सेन्सर असतात आणि सेन्सर जे सांगतील ते.

उंचीचं उदाहरण घ्या. अल्टिमीटर उंची मोजतच नाही, तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. दाब रोज बदलतो, म्हणून पायलटला त्या दिवसाचा दाब तबकडीवर लावावा लागतो. समजा, पावसाळ्यात मुंबईत दाब १,००३ हेक्टोपास्कल आहे आणि तबकडीवर १,०१३ तसाच राहिलाय. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट धरले तर काटा खऱ्यापेक्षा २७० ते ३०० फूट *जास्त* दाखवेल. म्हणजे काटा तीनशे म्हणतोय आणि चाकं जवळजवळ जमिनीला लागलीत. अल्टिमीटर थेट सत्याला बांधला असेल तर ही चूक तुमच्या हातून कधी होणारच नाही, आणि म्हणून ती टाळायलाही तुम्ही कधी शिकणार नाही.

क्षितिजाच्या बाबतीत तर हे आणखी गंभीर आहे. आणि त्याचं उदाहरण आपल्याच समुद्रात आहे.

१ जानेवारी १९७८

दादर चौपाटीवर उभं राहून उजवीकडे बघितलं की माहीमच्या खाडीपलीकडे वांद्रं दिसतं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्याच्या किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर 'एम्परर अशोका' समुद्रात कोसळलं. दुबईला निघालेलं एआय-८५५. १९० प्रवासी, २३ कर्मचारी. २१३ पैकी कुणीही वाचलं नाही. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत सगळं संपलं होतं.

तपासातून जे पुढे आलं ते असं. किनारा ओलांडल्यावर विमान थोडं उजवीकडे वळून पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज उजवीकडे कललेलंच राहिलं. बाहेर काळा समुद्र आणि काळं आकाश, खरं क्षितिज दिसायला जागाच नाही. कॅप्टनने काट्यावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवलं. काटा हलला नाही, म्हणून आणखी कलवलं. सरळ असलेलं विमान डाव्या अंगावर जाऊ लागलं, नव्वद अंशांच्याही पलीकडे गेलं, आणि उंची होती फक्त दोन हजार फुटांच्या आसपास. फर्स्ट ऑफिसरसमोर दुसरं क्षितिज होतं, मध्ये तिसरं राखीव होतं. फ्लाइट इंजिनिअरने त्या काट्यावर जाऊ नका असं सांगायचा प्रयत्न केल्याचंही कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगवरून कळतं. वेळच उरला नव्हता. चौकशीचा निष्कर्ष असा की यंत्र बिघडल्यावर कॅप्टनला विमानाच्या स्थितीचं भान राहिलं नाही आणि बाकीच्या यंत्रांवरून विमान सावरता आलं नाही. पुढे अमेरिकेत उत्पादकांवर खटला झाला. तिथल्या न्यायालयाने १९८५ मध्ये उत्पादकांच्या निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला.

पहिल्यांदा हे वाचताना आपल्याला वाटतं, विमान एवढं कलतंय तर शरीराला कळत कसं नाही? याचं उत्तर तुमच्या खिशात आहे.

तुमचा फोन आणि तुमचा कान

फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते ती त्याच्यामुळे. 'खाली' कुठे आहे ते तो सांगतो. पण त्याला गुरुत्वाकर्षण आणि वेगातला बदल यांत फरक करता येत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही फक्त ढकलणं आहे. विमान तीस अंश कलून व्यवस्थित वळण घेत असेल तर गुरुत्व आणि वळणाचा जोर मिळून एकच ओढ तयार होते, नेहमीच्या साधारण १.१५ पट, आणि तिची दिशा असते बरोबर विमानाच्या फरशीकडे. ट्रेवरच्या ग्लासातलं पाणी ट्रेला समांतरच राहतं. फोनचं लेव्हल ॲप उघडलंत तर ते म्हणेल: सगळं सपाट आहे.

आपल्या कानाच्या आतलं तोल सांभाळणारं अंग याच पद्धतीने फसतं. विमान हळूहळू कललं तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणून अंधारात पायलटने शरीराचं ऐकायचं नाही, काट्यांचंच ऐकायचं, असं शिकवतात.

फोनने यावर उपाय काय केला? जायरोस्कोप. तो फिरण्याचा वेग मोजतो. क्षणाक्षणाचं फिरणं जोडत गेलं की किती कललो ते कळतं. पण छोट्या छोट्या चुकाही जोडल्या जातात आणि थोड्या वेळाने आकडा सरकतो. म्हणून फोन दोघांना एकत्र विचारतो: पटकन झालेल्या बदलासाठी जायरो, लांबच्या हिशोबासाठी ॲक्सिलरोमीटर. याला सेन्सर फ्यूजन म्हणतात. मोबाइल गेममध्ये फोन कलवून विमान वळवता तेव्हा हेच चालू असतं. सत्य कुणालाच ठाऊक नाही. दोन-तीन साक्षीदारांचे जबाब जुळवून निष्कर्ष काढला जातो.

मग मॉडेलमध्ये हे कसं उतरवायचं?

माझ्या ७४७ मध्ये एकही काटा सत्याला थेट बांधलेला नाही. मधे एक थर आहे: यंत्रांचा. फ्लाइटगिअर हे करायची सोय देतो, फक्त ती वापरायला हवी.

तीन क्षितिजांसाठी तीन वेगळी यंत्रं आहेत. प्रत्येकाला स्वतःचा वीजपुरवठा, स्वतःची जायरो, स्वतःचा 'चालू आहे का' हा आकडा. यंत्र सत्य वाचतं, त्यात आपला उशीर आणि आपला दोष मिसळतं आणि मगच तबकडीला देतं. दोष तीन प्रकारचे ठेवलेत. वीज गेली तर तबकडीवर लाल पट्टी पडते आणि क्षितिज हळूहळू लवंडतं. हा त्यातल्या त्यात बरा बिघाड, कारण यंत्र स्वतःच सांगतं की माझ्यावर विसंबू नका. दुसरा, हळूहळू सरकणं. तिसरा सगळ्यात वाईट: काटा आहे तिथेच अडकतो, पट्टीही पडत नाही, तबकडी दिसायला एकदम ठणठणीत.

यावरून पुढची कामं आपोआप निघाली. ऑटोपायलटलाही सत्य वाचायला मनाई. तो ज्या बाजूच्या यंत्राला जोडलाय ते फसलं की तोही फसायला हवा. डोक्यावरचा साधा चुंबकी होकायंत्राचा काटा मात्र पूर्ण वेगळा ठेवला, कारण पडताळणीला तो उपयोगी पडतो. विमान खरोखर कललं असेल तर दिशा बदलत राहणार. क्षितिज म्हणतंय उजवीकडे कललोय, पण दिशा जागची हलत नाही, तर बहुतेक क्षितिज खोटं बोलतंय. मग दुसरं क्षितिज बघा, तिसरं बघा. दोघांचं जुळलं तर तिसऱ्याला बाजूला ठेवा.

यादृच्छिक बिघाड चालू करून मी हे मॉडेल ओळखीच्या काही मुलांना चालवायला दिलं. सगळ्यांनी फोनवरचे गेम भरपूर खेळलेले, हात तरबेज. दिवसा अडकलेला काटा सगळ्यांना लगेच सापडला, कारण खिडकीतून क्षितिज दिसत होतं. रात्री समुद्रावर मात्र पहिल्या खेपेला बहुतेकांनी काट्याच्या मागे विमान नेलं. दुसऱ्या खेपेला त्यांचे डोळे एका तबकडीवरून दुसरीवर फिरायला लागले. कुणी न सांगता. तिन्ही तबकड्या एकाच आकड्याला बांधलेल्या असत्या तर ही सवय लागलीच नसती.

एक गोष्ट मी मुद्दाम केलेली नाही. एआय-८५५ चं 'मिशन' या मॉडेलमध्ये नाही, आणि नोंदणी क्रमांकांच्या यादीत 'एम्परर अशोका'ही नाही. बिघाड कुठल्याही दिवशी, कुठल्याही विमानतळावर येऊ शकतो. त्या रात्रीच्या २१३ जणांचे घरचे आजही याच शहरात असतील. तो प्रसंग कुणी स्कोअरसाठी खेळावा असं मला वाटत नाही.

फुकट म्हणजे नक्की काय?

'फ्रीवेअर' आणि 'ओपन सोर्स' हे एकच समजू नका. फ्रीवेअर म्हणजे वापरायला पैसे नाहीत, पण हक्क बनवणाऱ्याकडेच. तो सांगेल तसंच वापरायचं. बदलून पुन्हा वाटायचं तर त्याची परवानगी लागते. ओपन सोर्समध्ये परवानगी आधीच लिहून दिलेली असते, अटींसकट. माझं मॉडेल जीपीएल परवान्याखाली आहे, फ्लाइटगिअरसारखंच. म्हणजे कुणीही ते घ्या, बदला, अगदी विकासुद्धा. अट एवढीच की बदललेलं मॉडेल पुढे द्याल तेव्हा ते उघड्या फाइलींसकट आणि याच परवान्याखाली द्यायचं.

हे तुमच्या कामाचं आहे, कारण फुकट विमानं उचलून, नावं खोडून, जाहिराती भरून फोनवरचे गेम बनवणारे लोक असतात. असं ॲप उतरवण्याआधी 'अबाउट' किंवा 'क्रेडिट्स' उघडून बघा. मॉडेल कुणाचं, परवाना कुठला, हे कुठेच लिहिलेलं नसेल तर शंका घ्या. ज्याने स्वतः बनवलंय तो सहसा अभिमानाने सांगतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

फ्लाइटगिअर फोनवर चालत नाही. विंडोज, मॅक किंवा लिनक्सचा कॉम्प्युटर लागतो. जॉयस्टिक असेल तर छान, नसेल तर माऊसवरही शिकता येतं. माझी जॉयस्टिक लॅमिंग्टन रोडवरून जुन्यात घेतलेली आहे.

पहिल्याच दिवशी अख्खं विमान बनवायला जाऊ नका. कुणाचं तरी खुल्या परवान्याचं छोटं विमान घ्या, त्याचं फोल्डर उघडा. आधी रंगाची फाइल बदला आणि शेपटीवर तुमच्या आवडीचं चित्र काढा. मग एखाद्या भागाचे अंश बदला, फ्लॅप उलटे फिरतात का बघा. त्यानंतर मेनूतून प्रॉपर्टी ट्री उघडा, विमान उडत असताना आकडे कसे पळतात ते नुसतं बघत बसा. यातून जितकं कळेल तितकं कुठल्याही कोर्समधून कळणार नाही.

आणि मग कृत्रिम क्षितिजाची फाइल शोधा. त्यातला काटा झाडाच्या कुठल्या फांदीला बांधलाय ते वाचा. यंत्रांच्या फांदीला असेल तर बनवणाऱ्याने विचार केलाय. थेट सत्याला बांधलेला असेल तर तुमचं पहिलं काम सापडलं: मधे यंत्राचा थर घाला, एक बिघाड टाका, रात्रीची वेळ लावा आणि समुद्रावर जाऊन स्वतः चालवून बघा. जमलं की तो बदल मूळ बनवणाऱ्याला पाठवून द्या. फुकट विमानं अशीच, एकेका काट्याने, सुधारत जातात.